पाय दिला की धरला

चाळिशी ओलांडलेली बाई सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका कापड मार्केटच्या चौथ्या मजल्यावर बसून अमेरिकन फुटबॉल बघते आणि त्याचा पगार घेते, हे सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, तुला त्यातलं कळतं काय? कळतं. माझ्या साहेबांपेक्षा जास्त कळतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही बोलून दाखवलेलं आहे.

आमच्या इमारतीत खालचे तीनही मजले साड्यांचे. लिफ्टचा पहिला मान पार्सलांचा, त्यामुळे आम्ही जिन्यानेच वर जातो. वर पोचलं की कानाला हेडफोन आणि समोर पडदा. सामने आधीच होऊन गेलेले असतात, त्यांचं चित्रण आमच्याकडे येतं आणि आम्ही दिवसा ते बघत नोंदी करतो. हा खेळ तुकड्यातुकड्यांत चालतो. एकजण चेंडू घेऊन पळतो, समोरचे त्याला पाडतात, शिट्टी वाजते, पुन्हा सगळे समोरासमोर उभे राहतात. अशा प्रत्येक तुकड्यासाठी आम्ही रकाने भरायचे: चेंडू कुणाकडे होता, तो किती पुढे गेला, त्याला कोणी अडवलं. एकच सामना दोघीजणी वेगवेगळ्या बसून भरतात. दोघींचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर तो तुकडा माझ्याकडे येतो, मी तो थांबवून थांबवून बघते आणि निकाल देते. माझ्या निकालावर पुढे कुणी बोलत नाही.

ही नजर मला आबांनी दिली. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडून तरुणपणी सुरतेला आले आणि उभी हयात लूमच्या खात्यात, मागावर काढली. सुट्टीच्या दिवशी कबड्डी. चढाई करणाऱ्यांचं नाव होतं, टाळ्या त्यांना मिळायच्या. आबा डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि आलेल्याचा घोटा धरायचे. धरला की धरला. लहानपणी मी मैदानाच्या कडेला बसून बघायची आणि घरी आल्यावर ते माझी परीक्षा घ्यायचे: अमका कशाने पडला, पाय कुणी धरला, उडी आधी कुणी घातली. चुकीचं सांगितलं की तेवढ्यापुरतं बोलणं बंद. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, अमेरिकन फुटबॉल पाहिलाय का? मी म्हटलं, नाही, पण कोण कुणामुळे पडलं ते मला दिसतं.

डिंडोलीच्या घरात आता मी आणि आबा दोघंच. मी संध्याकाळी घरी आले, पिशवी खुंटीला अडकवली, की त्यांचा रोजचा प्रश्न ठरलेला.

"आज कोनी कोनले धरं?"

मग मी दिवसभरातली एखादी चांगली पकड सांगायची. कसा एक आडदांड गडी मधल्या गर्दीतून वाट काढत आला, कसं त्याने पळणाऱ्याच्या कमरेला मिठी घातली, कसा तो दोन पावलं फरफटत गेला पण सुटू दिलं नाही. आबा खुर्चीत बसल्या बसल्या हात पुढे करून दाखवायचे, "असा? का असा?" गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचं बाहेर जाणं कमी झालं होतं. दिवसातला हा अर्धा तास त्यांच्यासाठी काय होता हे मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही तोच अर्धा तास दिवसातला बरा होता.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे ऑल-स्टार सामन्यांचा गठ्ठा आला. वर्षभर वेगवेगळ्या संघांतून खेळणारे उत्तमोत्तम खेळाडू निवडायचे, त्यांचे दोन संघ करायचे आणि एक सामना खेळवायचा, असा तो प्रकार. प्रेक्षक मत देतात, खेळाडू आणि प्रशिक्षकही मत देतात. मी खूश झाले. म्हटलं, सगळे एक नंबरचे गडी एका मैदानात, आबांना महिनाभर पुरेल एवढा माल मिळणार.

जुने सामने आधी आले. ते चांगले होते. माणसं धावत होती, आपटत होती, उठून पुन्हा धावत होती. मग जसजशी वर्षं पुढे सरकली तसतसं काहीतरी नासत गेलं. हे त्या त्या वर्षी बघणाऱ्यांना कळलं असेल की नाही कोण जाणे, पण मी एका आठवड्यात लागोपाठ सगळी वर्षं बघत होते, मला स्वच्छ दिसत होतं. आधी धक्के हलके झाले. मग धावणारा पुढे आला की समोरचा त्याच्या खांद्याला हात लावायचा आणि तो आपणहून थांबायचा. शेवटी शेवटी तर समोरासमोर उभे असलेले ते पहाडासारखे गडी एकमेकांच्या छातीवर हात ठेवून असे उभे राहायचे, जणू शिंपी माप घेतोय. आणि वर हसत होते! जगातले सगळ्यात ताकदवान खेळाडू पाट्या टाकत होते आणि हजारो लोक तिकीट काढून ते बघत होते. मला अक्षरशः शिसारी आली. मी हेडफोन काढून ठेवला आणि पाणी पिऊन आले.

आमच्या कामाचा तर पार विचका झाला. "कोणी अडवलं" या रकान्यात काय भरायचं? एकीने एक नाव लिहिलं, दुसरीने दुसरं. कारण अडवलं कुणीच नव्हतं. झाडून सगळे तुकडे न जुळता माझ्याकडे येऊ लागले. मी एकेक थांबवून बघितला आणि रकाना कोरा ठेवला. कोरा, कोरा, कोरा.

दोन दिवसांनी साहेब माझ्या टेबलाशी आले. मूळचे नाशिकचे, चांगले सभ्य गृहस्थ, पण कशालाच ठाम नाही म्हणायची त्यांना सवय नाही. म्हणाले, "अहो मॅडम, सामने पाठवणाऱ्यांचा मेल आलाय. रकाना कोरा चालणार नाही. अशा वेळी जो सगळ्यात जवळ उभा असेल त्याचं नाव टाका."

"जवळ उभा असेल त्याचं? त्याने काही केलं नसलं तरी?"

"जवळच्याचं नाव टाका आणि विषय संपवा."

माझ्या शेजारी बसणारी गुजराती मैत्रीण पुटपुटली, "जवा दे ने." पण मला सोडवेना. मी साहेबांना विचारलं, या सामन्याची किंमत तरी काय? त्यांनी मला शांतपणे समजावलं. म्हणाले, किंमत सामन्याची नसते, निवडीची असते. एकदा निवड झाली की खेळाडूच्या नावापुढे ते कायम लागतं, पुढच्या करारात त्याचा भाव वाढतो, निवृत्तीनंतरही लोक तेच मोजतात. सामना म्हणजे नुसता हळदीकुंकवाचा समारंभ. बरेचसे तर निवड झाल्यावर काही दुखण्याचं निमित्त सांगून येतच नाहीत. त्यांच्या जागी दुसरे, दुसऱ्यांच्या जागी तिसरे. आणि जे येतात त्यांनी एका दिवसाच्या तमाशासाठी गुडघा का फोडून घ्यावा? पुढच्या वर्षीची भाकरी त्याच गुडघ्यावर आहे.

हे म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. मी म्हटलं, मग खेळू नका ना! शाल-श्रीफळ द्या, फोटो काढा, घरी पाठवा. पण मैदान आखायचं, शिट्टी वाजवायची, खेळल्यासारखं करायचं आणि वर माझ्याकडून लिहून घ्यायचं की ह्याने त्याला अडवलं, हा कुठला मान? ज्याला कुणी अडवलंच नाही त्याच्या पुढे जाण्याला अर्थ काय? साहेब हसले आणि चहा सांगायला गेले.

एक गोष्ट मात्र कबूल करते. अगदी अलीकडच्या वर्षांत त्यांनी ती धक्काबुक्की बंदच केली आहे. आता खेळाडू कमरेला फडकी लावून खेळतात आणि समोरच्याने फडकं ओढलं की खेळ थांबतो. ऑफिसात सगळ्या त्याला पोरखेळ म्हणून हसल्या. मला उलट बरं वाटलं. फडकं एक तर ओढलं जातं नाही तर नाही. रकाना खरा भरता येतो.

त्या दिवसांत संध्याकाळी आबांना सांगायला माझ्याकडे काही नसायचं. मी सगळी रड त्यांच्यापुढे ओकायची. ते ऐकून घेत आणि म्हणत, "मंग ते खेय नही वं. ते लगीन शे." त्यांच्या मते लग्नातच सगळे एकमेकांना मिठ्या मारतात आणि कुणी कुणाला पाडत नाही. आम्ही दोघंही हसायचो. बापलेकीचं एका गोष्टीवर इतकं एकमत क्वचितच झालं असेल.

आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या भागातल्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचं बोलावणं आलं. अंतिम सामना बारडोलीच्या साखर कारखान्याच्या मुलांचा आणि इच्छापोरला कंत्राटावर काम करणाऱ्या मुलांचा होणार होता. त्याआधी एक खास सामना ठेवला होता: जुने तारे विरुद्ध नवे तारे. आबांना डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं आमंत्रण होतं.

मला वाटलं ते नकार देतील. लग्नच ते, त्यांच्याच भाषेत. पण त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी गॅलरीत कठड्याला धरून उठाबशा काढायला लागले. गुडघ्याला पट्टा बांधून. मी म्हटलं, आबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? ते म्हणाले, "एकच पकड. एक धरसु आनि बाहेर बससु." सामन्याच्या दुपारी वर्तमानपत्र पसरून त्यांनी हातांची नखं कापली. कबड्डीत नखं वाढलेली चालत नाहीत, पण त्या तमाशात कोण नखं बघणार होतं? तरी त्यांनी एकेक नख कापून बोट गालावर फिरवून पाहिलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते; डॉक्टरांचं मी पुन्हा काढलं नव्हतं.

कारण तोवर मी फोन करून बसले होते.

नव्या ताऱ्यांत एक चढाईपटू होता, इच्छापोरच्या संघाचा, यंदा सगळीकडे त्याचंच नाव चाललेलं. जळगावकडचा, लग्न झालेला, पोरंबाळं असलेला, अंगाने वेतासारखा. त्याचा नंबर मी मंडळाकडून घेतला. त्याला सांगितलं, माझ्या वडिलांचा डावा गुडघा नवा बसवलेला आहे. तुम्ही झटका दिलात तर ते आयुष्यभरासाठी बसतील. जरा सांभाळून घ्या. त्यांनी धरलं की ओढू नका. तो लगेच म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. मी आहे ना, हूं छूं ने." मी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसले. दिवसभर ज्या गोष्टीवर मी थुंकत होते तीच गोष्ट मी फोनवरून मागवून घेतली होती, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते.

मैदानावर लाल कापडाच्या खुर्च्या, भलामोठा स्पीकर, मागे साड्यांच्या व्यापाऱ्याचा फलक. जुन्या ताऱ्यांना पिवळे टी-शर्ट दिले होते. बहुतेकांच्या पोटावर ते ताणले गेलेले, आबांच्या अंगावर मात्र लोंबत होते. माईकवाला सुटला होता: "आजोबांसाठी जोरदार टाळ्या!" सामना सुरू झाला आणि मला ऑफिसात बसल्यासारखं वाटू लागलं. तेच हसणं. तेच खांद्याला हात लावणं. एक जुना तारा चढाईला गेला, लंगडत मध्यरेषा ओलांडली, समोरच्या तरुणाने आपणहून पुढे होऊन त्याच्या हाताला स्पर्श करून घेतला आणि बाद झालो म्हणून नाचत बाहेर गेला. लोक खिदळत होते. म्हातारेही खिदळत होते. सगळ्या मैदानात एकच माणूस हसत नव्हता. डाव्या कोपऱ्यात, शेजारच्याच्या हातात हात गुंफून, गुडघ्यात वाकून, नजर येणाऱ्याच्या पायावर ठेवून आबा उभे होते.

तो चढाईला आला. इकडे तिकडे थोडं नाचला आणि मग त्याने आबांच्या कोपऱ्याकडे पाय पुढे केला. वाढून दिल्यासारखा केला. आबांनी शेजाऱ्याचा हात सोडला, खाली गेले आणि घोटा धरला. काय धरला! वय, पट्टा, नवा गुडघा, सगळं विसरून दोन्ही हातांची ती जुनी कडी बसली. पण त्यापुढे काहीच झालं नाही. मध्यरेषा दोन ढांगांवर होती, तो गडी एका हिसक्यात पोचला असता. त्याने नुसते दोन्ही हात पसरले, "मेलो, मेलो" ओरडला आणि पालथा पडला. शिट्टी. ढोल. माईकवाल्याने आबांचं नाव तीनदा घेतलं.

आबा उठले नाहीत. घोटा अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी तो एकदा आपल्याकडे ओढला. पाय आला. पुन्हा किंचित ओढला. पुन्हा आला, मुकाट्याने. मग त्यांनी हात सोडला. दोघांनी मिळून त्यांना उभं केलं, कुणी तरी हार घातला, आणि हाराच्या वरचा तो चेहरा मी फार वेळ बघू शकले नाही.

नंतर तो चढाईपटू आबांच्या पाया पडला आणि माझ्याकडे आला. खुशीत होता बिचारा, आपण काही पुण्य केलं अशा थाटात. म्हणाला, "ताई, बोललात तसंच केलं ना? जरा पण हिसका नाही दिला." आबा तीन हातांवर पाठमोरे बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होते. ढोल वाजत होता. मी स्वतःला समजावलं की त्यांना ऐकू गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. आबा खुर्चीत बसून गुडघ्याला तेल लावत होते. हार दाराच्या कडीला टांगलेला होता.

"खरं सांग वं," ते म्हणाले. "त्यानी पाय दिधा, का मी धरा? तुना डोया पक्का शे, म्हनीसन इचारस."

पोळी हातात तशीच राहिली. कोरा रकाना माझ्यासमोर होता. ह्याच रकान्यासाठी मी साहेबांशी भांडले होते.

"तुम्हीच धरला, आबा. मी बघितलं ना."

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. हे वाक्य मात्र माझ्या तोंडून शाळेतल्या मराठीत निघालं, ते माझं मलाही ऐकू आलं.

आबांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "मंग तो पोऱ्या तुले काय सांगी ऱ्हायना व्हता?"

मी पोळी डब्यात ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी गुडघ्याचं सांगितलं असतं, डॉक्टरांचं सांगितलं असतं, शस्त्रक्रियेनंतरच्या त्या तीन महिन्यांचं सांगितलं असतं. सगळी कारणं तयार होती. पण का केलंस, हे त्यांनी विचारलंच नाही. थोड्या वेळाने उठले, दाराचा हार काढून बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि अंघोळीला गेले.

त्या दिवशी ऑफिसात मी ऑल-स्टारचा गठ्ठा संपवला. एकही रकाना कोरा ठेवला नाही. जो जवळ उभा होता त्याचं नाव टाकत गेले. साहेबांनी संध्याकाळी कौतुक केलं, म्हणाले, बघा, कसं झटपट झालं. मला त्यांच्या अंगावर माऊस फेकावासा वाटला, पण त्यांचा काय दोष.

आता पुन्हा नेहमीचे सामने चालू आहेत. खरे, आपटाआपटीचे. रोज निदान दोन-तीन तरी पकडी अशा असतात की आबा खुर्चीतून उठले असते. मी संध्याकाळी घरी येते, पिशवी खुंटीला अडकवते आणि सवयीने क्षणभर तशीच उभी राहते.

आबा विचारतात, भाजी काय आणली.